गावच्या भिंतीवर गेलेली-आलेली माणसं कशी काढायची

आमच्या राजापूर तालुक्यातल्या गावात शाळेच्या भिंतीवर चित्र काढून तीन पावसाळे झाले, तरी अजून महिन्याला एकदोन फोन येतातच की रंग कुठला वापरलात, पेंटर कुठून आणलात. काय काढायचं ते ठरवलं कसं हे मात्र कुणी विचारत नाही. खरी मेहनत तिथेच आहे, रंग काय दुकानात मिळतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, आमच्या चुकांसकट.

हल्ली रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुठलाही एसटी स्टॉप घ्या, पंचायतीचं कंपाउंड घ्या, एक डॉल्फिन, एक वाकडा माड, सूर्यास्त आणि खाली 'येवा कोकण आपलाच असा'. दिसायला छान असतं हो, पण देवबागचं उचलून दापोलीत लावलं तर कुणाला पत्ता लागेल का? माझं सरळ मत आहे की आपल्या गावांची ओळख समुद्रापेक्षा जाण्यायेण्यात जास्त आहे, घरटी एक माणूस बाहेर, कुणी गिरणीत, कुणी बोटीवर, कुणी कुवेतला, आणि त्यांच्या जागी आलेली माणसं वेगळीच. भिंतीवर यायला हवं ते हे.

आधी कॅलेंडर बघा, मग भिंत

हे काम गणपतीला सुरू करायचं आणि शिमग्याला संपवायचं, दुसरा मुहूर्त नाही. ज्यांची गोष्ट काढायचीय ती निम्मी माणसं विरार-नालासोपारा-डोंबिवलीला, ती एकत्र सापडतात गणपतीत. तेव्हा पाऊस असतो म्हणजे भिंतीला हात लावता येत नाही, पण माणसं मात्र सगळी पडवीत, आरती झालीय, भजनाला अजून वेळ आहे, चहा फिरतोय, आणि बोलायला तयार. तर गोष्टी गणपतीत गोळा करा, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या, दिवाळीनंतर भिंतीची डागडुजी, जानेवारी-फेब्रुवारीत रंग. मार्चमध्ये पालखी त्याच रस्त्यानं जाते, तेच उद्घाटन, वेगळी फीत कापायला कुणाला बोलवायची गरज नाही. मे महिन्यात करू म्हणाल तर चाकरमानी असतात खरे पण गावातला प्रत्येक हात आंब्यात अडकलेला असतो आणि उन्हात रंग ब्रशवरच सुकतो.

गोष्टी कशा काढून घ्यायच्या

आम्ही पहिल्या दिवशी वही घेऊन गेलो आणि एका आजोबांना विचारलं, "स्थलांतराबद्दल काय सांगाल?" आजोबा म्हणाले, "सरकारी माणूस हायस काय?" आणि गप्प बसले. असले प्रश्न विचारायचेच नाहीत. वस्तू विचारा. पहिल्यांदा मुंबईला गेलात तेव्हा ट्रंकेत काय होतं, तिकिटाचे पैसे कुणी दिले, पहिल्या रात्री झोपलात कुठे. मग बघा कसं धरण फुटतं ते. कुळथाची पिठी, सोलं, सुकट, फणसाची साठं, आईनं फडक्यात बांधलेले तांदूळ. झोपायला गावकीची खोली, तिथे भिंतीला लागून वीसपंचवीस ट्रंका, एकाची पाळी सुटली की त्याच चटईवर दुसरा. जेवण खानावळीत. हे सगळं चित्रच आहे, तुम्हाला वेगळी कल्पनाशक्ती लावावी लागत नाही.

आमच्याकडचे सगळ्यात म्हातारे लोक मुसाकाजीच्या बंदरावरून आगबोटीनं गेलेले. बोट आत यायची नाही, लांब उभी, पडावातून तिथपर्यंत जायचं आणि हलत्या पडावातून वर चढायचं, सोबत ट्रंक आणि कधी कधी पोर. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे एकदा माणूस गेला की गेला. त्याच्यानंतरची पिढी एसटीची, रातराणीनं घाटातून ओकत गेलेली. मग २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. प्रत्येक पिढीचं वाहन वेगळं, त्यामुळे आमच्या चित्राचा सांगाडा तिथेच ठरला, डावीकडून उजवीकडे बोट, एसटी, ट्रेन, आणि मध्ये माणसं.

एक गंमत सांगतो. मुलांनी ट्रेन काढली, वर मस्त वायरी काढल्या. एक रिटायर झालेले तात्या रोज संध्याकाळी येऊन बघायचे, ते म्हणाले, "अठ्ठ्याण्णवची गाडी आणि वर वायरी? त्येव्हा डिझेल होतं." बरोबर होतं त्यांचं, या लाइनचं विद्युतीकरण पूर्ण झालं २०२२मध्ये. वायरी पुसल्या, इंजिनातून धूर काढला. असा एक तात्या प्रत्येक गावात असतो, त्याला आधीपासून सोबत घ्या, नाहीतर तो चित्र पूर्ण झाल्यावर सांगतो.

परत येण्याची गोष्टही विचारा, ती लोक आपणहून सांगत नाहीत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, त्यात आपल्याकडचे किती, आणि तो संप रीतसर मिटलाच नाही. आमच्या वाडीत तेव्हा परत आलेले चौघे अजून आहेत. त्यातल्या एकानं सांगितलं की एसटीतून उतरलो तेव्हा दिवसाउजेडी घरी जायची लाज वाटली, म्हणून नदीवर अंधार होईपर्यंत बसलो. आम्ही तो माणूस काढलाय, नदीकाठी, पाठमोरा, बाजूला ट्रंक. चेहरा नाही. त्यांनी स्वतः सांगितलं चेहरा नको म्हणून.

आणि बायकांना वेगळं बसवून विचारा. पुरुषांसमोर त्या "आमचं काय, आम्ही हयच" म्हणून विषय संपवतात. वेगळं बसवल्यावर कळतं की लावणी, भारे, म्हातारी माणसं, पोरांची शाळा, सगळं त्यांनी ओढलंय आणि मुंबईहून यायची ती मनीऑर्डर. एका आजीनं मनीऑर्डरच्या कुपनांची गड्डीच काढली, खालच्या इवल्याशा जागेत नवऱ्यानं लिहिलेलं, 'भात झोडून झालं का. गाय कशी आहे.' इतकंच. तिची परवानगी घेऊन ते अक्षर जसंच्या तसं मोठं करून भिंतीवर घेतलं आणि मला विचाराल तर अख्ख्या भिंतीवर तेच सगळ्यात भारी आहे, बाकी आमची चित्रकला यथातथाच.

मेलेल्या माणसांबद्दल जपून. तिकडे अलिबाग-रेवस भागात कुणी हे करणार असेल तर रामदास बोट बुडाली तो विषय निघणारच, १७ जुलै १९४७, सहाशेच्या वर माणसं बुडून मेली. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला आधी विचारायचं, आणि नाही म्हणाले तर नाही. इतिहास आहे म्हणून आपला हक्क होत नाही.

कोण सुटलं ते मोजा

गोष्टी जमल्या की एक कागद घ्या आणि गावातल्या सगळ्या वाड्या लिहा. प्रत्येक वाडीतली किमान एक गोष्ट आलीय का बघा. आमच्या पहिल्या कच्च्या चित्रात बौद्धवाडी नव्हती. मुद्दाम नाही, पण कमिटीत सगळे वरच्या वाडीतले, मग होतं असं. तिथला एक मुलगा शांतपणे म्हणाला की मुंबईला सगळ्यात आधी कोण गेलं ते तरी माहितीय का तुम्हाला, आमच्या पणजोबांना गावात जमीनच नव्हती तर राहणार कशाला. मंडणगडातलं आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव, ते पण कोकणातच की. वडील पलटणीत, मग दापोली, मग सातारा, मग मुंबई, हा पण जाण्याचाच रस्ता. आम्ही चित्र परत काढलं. दोन आठवडे गेले, पण गेले तर गेले.

तसंच मोहल्ला. तिथली माणसं मुंबईच्याही पुढे गेली, बोटीवर खलाशी म्हणून, आखातात, काही घराणी तर केपटाऊनला. त्यांची गोष्ट विमानाची आणि कॅसेटवर आवाज भरून पाठवलेल्या पत्रांची आहे, म्हणजे कागदाऐवजी टेपरेकॉर्डर काढावा लागला.

आणि आलेली माणसं. हे ऐकून काही लोक तोंड वाकडं करतात, आमच्याकडेही केलं. पण रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटीवर कोण आहे बघा, आंब्याच्या बागेत राखणीला कोण आहे बघा, नेपाळी. आपले गेले म्हणून ते आले. शाळेत दोन नेपाळी मुलं होती, मुलांना 'आपलं घर काढा' सांगितलं तेव्हा त्यातल्या पोरीनं कौलारू घर काढलं, पुढे आंब्याचं झाड आणि मागे बर्फाचा डोंगर. आम्ही ते कापून-सुधारून न घेता तसंच उजव्या टोकाला घेतलं. बाहेरचे लोक विचारतात कोकणात बर्फ कुठला, मग सांगावं लागतं, आणि मला वाटतं सांगावं लागणं चांगलंच आहे.

कुणाचीही नावं मात्र लिहू नका. एक नाव लिहिलं की चाळीस राहतात आणि भावकी भांडायला उभीच असते. वाड्यांची नावं चालतील. देणगीदाराचं नाव लिहायचंच असेल तर कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढं. आम्हाला एकानं सगळा रंग देऊ केला होता, अट काय तर 'सौजन्य' म्हणून फोटोसकट बोर्ड, चित्राच्या मधोमध. हात जोडले आणि घरटी वर्गणी काढली.

शैली कुठली

सगळीकडे वारली काढतात. वारली सुंदर आहे, पण ती डहाणू-तलासरी-जव्हारकडची, त्या लोकांची. राजापुरात काय संबंध? सोपी दिसते म्हणून काढतात, झालं. दक्षिणेकडे आपल्याजवळ काय कमी आहे? कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे, टपोरे डोळे, धारदार नाकं, एकामागून एक चित्र दाखवत गोष्ट सांगायची पद्धत, म्हणजे लांबट भिंतीसाठी जणू बनवलेली. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीची गंजिफा आहे, गोल पत्त्यातलं चित्र, खिडक्यांच्या मधल्या लहान जागांना मस्त बसतं. फक्त एक करा, फोटो बघून नक्कल मारू नका, पिंगुळीला जा, तिथल्या कलाकाराला बोलवा आणि कामाचे पैसे द्या. जेवण आणि शाल-श्रीफळ म्हणजे पैसे नव्हेत.

आणि आमच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर तर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, कशेळीचा तो प्रचंड हत्ती, ज्याच्या आत बाकीचे प्राणी कोरलेत, बारसू, देवाचं गोठणं, २०२२पासून ही युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. म्हणजे या गावात चित्र काढणारे आपण पहिले नव्हे. आम्ही हत्तीची बाह्यरेषा अगदी फिकट, सगळ्या चित्राच्या मागे घेतली. संदर्भासाठी फोटो काढायला जाल तर रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू, रांगोळी काही भरू नका हं, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असतं तेव्हा आपोआप दिसतात.

परवानगी

भिंत कुणाची ते आधी बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शिक्षण विभागाला पत्र, ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव, खाजगी असेल तर मालकाचं लेखी, आणि मालक म्हणजे सातबाऱ्यावरचे सगळे. न विचारता सार्वजनिक भिंत रंगवली तर १९९५चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे. ठरावासोबत रंगीत कच्चं चित्र जोडा, म्हणजे नंतर कुणी 'हे सांगितलं नव्हतं' म्हणणार नाही. देवळाच्या भिंतीच्या वाटेला जाऊ नका, तिथे गुरव, मानकरी, गाऱ्हाणं सगळं आलं.

भिंत, म्हणजे जिथे आम्ही आपटलो

आमची भिंत चिऱ्याची, त्यावर जुना गिलावा फुगलेला. तो काढून नवा मारला, आणि उत्साहात दहाव्या दिवशी रंगवायला घेतलं. गवंडी सांगत होता थांबा, ऐकलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात आकाशाचे पापुद्रे सुटले, बोटीच्या वर पांढरे मिठाचे डाग, समुद्र वर आणि आकाश खाली अशी अवस्था. सिमेंटचा नवा गिलावा आठवडाभर तरी पाणी मारून पिकवायचा आणि त्यानंतर सुकू द्यायचा, मिळून कमीत कमी २८ दिवस, आपल्या हवेत जास्तच धरा. खात्री करायची तर रात्री दीडदोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, सकाळी आतून पाण्याचे थेंब दिसले तर भिंत ओली आहे, परत आठवड्यानं बघा.

जुनी भिंत असेल तर काळं शेवाळ आणि बुरशी असणारच, पाऊस इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. नुसतं घासून रंग मारला की बुरशी आतून परत येते. ब्लीचिंग पावडरचं पाणी मारायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ पाण्यानं धुवायचं, दोनतीन दिवस कडक सुकवायचं. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, आणि ब्लीचिंगमध्ये अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

दिशा फार महत्त्वाची. नैऋत्येचा पाऊस दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतीला झोडपतो, निवडायची संधी असेल तर पूर्व किंवा उत्तरेची घ्या. कंपाउंडची भिंत असेल तर पाणी वरून आत शिरतं, डोक्यावर उतार देऊन कोबा करून घ्या. छपराचा पत्रा फूटदीड फूट पुढे काढता आला तर चित्राचं आयुष्य वाढतं. आणि खालची दीड फूट पट्टी रिकामी सोडा, तिथे काही नाजूक काढू नका. पागोळ्यांचं पाणी अंगणातली लाल माती उडवतं ते बरोबर तेवढ्या उंचीपर्यंत. आपल्या जुन्या घरांना खाली गेरूचा पट्टा असायचा तो उगाच नाही. आम्ही पण गेरूरंगी पट्टा दिला, चिखल उडाला तरी दिसत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसची लांबी, म्हणजे पुट्टी, बाहेर वापरू नका, पावसात लोणी होतं तिचं. पुट्टी हवीच असेल तर व्हाइट सिमेंटवाली, तीही पातळ. मग एक्सटेरियर प्रायमर एक हात, त्यावर एक्सटेरियर अ‍ॅक्रेलिक इमल्शन दोन हात, त्यावर चित्र, तेही इमल्शनमध्येच. ऑइल पेंट चमकतो म्हणून लोक घेतात पण ओल बाहेर येऊ देत नाही आणि सालासारखा सुटतो. हिशोब असा की खरबरीत भिंतीवर दोन हातांना एक लिटर चाळीसपन्नास चौरस फूट धरा, म्हणजे वीस बाय आठच्या भिंतीला साधारण चार लिटर बेस आणि दोन लिटर प्रायमर. रंगीत डबे दहा घेऊ नका. पांढरा जास्त घ्या, आणि काळा, गेरू लाल, पिवळी माती, निळा, हिरवा, यातून बाकी सगळं होतं. लाल-पिवळे ऑक्साइडवाले रंग उन्हात टिकतात, भडक गुलाबी आणि लिंबू पिवळा दोन उन्हाळ्यांत उडतो. आमच्या एका आजीचं लुगडं गुलाबीचं पांढरं झालंय, त्या स्वतः म्हणतात, विधवा केलंत मला परत.

रेखाटन आणि रंग

कागदावरच्या चित्रावर चौकोन पाडा, भिंतीवर गवंड्याच्या सुतानं फुटाफुटावर तेवढेच चौकोन मारा, एकेक चौकोन उतरवत जा. कुणाकडे प्रोजेक्टर असेल तर अंधारात तासाभरात रेषा होतात, अक्षर मोठं करायला तर तोच बरा, मनीऑर्डरवालं आम्ही तसंच केलं. वरच्या भागाला बांबूची परांची बांधून घ्या, बांधणारा माहितगार हवा, शिडीवर शिडी ठेवण्याचा शहाणपणा नको. थंडीत सकाळी भिंतीवर दव असतं, नऊदहाच्या आत ब्रश लावू नका.

मुलांना कंबरेपर्यंतचा भाग द्या, मोठ्या सपाट जागा भरायला. शेवटची काळी रेषा मात्र एकाच दोघांच्या हातची असू द्या, सगळं चित्र त्या रेषेनं एकत्र येतं. गावातल्या प्रत्येक घरातलं कुणीतरी एकदा तरी ब्रश लावून गेलं पाहिजे, अगदी बोटभर का होईना. त्यामुळे पान खाऊन थुंकणारे कमी होतात हा आमचा अनुभव आहे.

लोक येऊन सुचवत राहतात, ऐका, पण सगळं करू नका. आम्ही शेवटी घरांची एक रांग काढली होती, पाचपैकी तीन दारांना कुलूप, कारण वाडीत तसंच आहे. कुलूप बघून वाद झाला, अपशकुन काढलात म्हणाले, गाव मेल्यासारखं दिसतं. रात्रभर बैठक झाली. तोडगा काढला शेजारच्या काकीनं, ती म्हणाली कुलूप राहू दे पण चावी कुठे असते ती पण दाखवा ना, सगळ्या घरांच्या चाव्या माझ्याकडेच असतात. म्हणून आता त्या रांगेत उघड्या दारात एक काकी उभी आहे आणि तिच्या कमरेला तीन चाव्या.

नंतरचं

जी भिंत झडीत येते तिला मे अखेरीस माडाच्या झापांचा आडोसा लावा, मातीच्या भिंतींना लावतात तसा, आणि गणपतीआधी काढा, म्हणजे चाकरमान्यांना दिसतं आणि भिंतीला हवाही लागते. पावसाळा संपला की साध्या पाण्यानं मऊ ब्रशनं धुवा. वरून क्लिअर कोट मारायचा की नाही यावर लोक भांडतात, आम्ही नाही मारला, आत ओल राहिली तर तोच आधी फुगतो. उरलेले रंग झाकण घट्ट लावून, डब्यावर 'बोटीचा निळा', 'एसटीचा लाल' असं लिहून सावलीत ठेवा, दुकानातून केलेल्या मिश्रणाचा कोड नंबर पण लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी तोच निळा परत मिळत नाही. आमचे डबे काकीच्या पडवीत आहेत. दर वर्षी शिमग्याच्या आधी दोनतीन पोरं जाऊन डबे उघडतात, जिथे सुटलंय तिथे मारतात, आणि गेल्या वर्षी एक कुलूप पुसलं, त्या घरातला मुलगा परत राहायला आला म्हणून. चौथ्या घराला मात्र नवीन काढावं लागलं.